पाडव्याचा महिना कोणी ठरवायचा?

२०२६ सालचा गुढीपाडवा ठरवताना पंचांगकर्त्यांपुढे एक मजेशीर पेच होता. फाल्गुनातली अमावास्या १९ मार्चला सकाळी सातला सात मिनिटे कमी असताना संपत होती, म्हणजे मुंबईत सूर्य उगवून जेमतेम दहा मिनिटे झाल्यावर. तिथून सुरू होणारी चैत्र शुद्ध प्रतिपदा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतच, पुढचा सूर्य उगवण्याआधी संपत होती. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, हा आपला नेहमीचा नियम. पण ही प्रतिपदा एकाही सूर्योदयाच्या हाती लागत नव्हती. अशा क्षयतिथीला ती ज्या दिवशी सुरू होऊन संपते तोच दिवस द्यायचा, म्हणून पाडवा १९ मार्चला आला. त्याआधी २०२४ साली तो ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला; २०२७ साली तो पुन्हा पुढे जाऊन ७ एप्रिलला. सुट्ट्यांची यादी करणाऱ्या कारकुनापासून लग्नाचे हॉल आरक्षित करणाऱ्या यजमानापर्यंत सगळ्यांना ही हुलकावणी ठाऊक आहे, आणि ‘आपले सण एका तारखेला का येत नाहीत’ ही तक्रारही जुनीच आहे. पण पाडव्याचे हे दरवर्षीचे मागेपुढे होणे हा दोष नव्हेच. तो एका ठरलेल्या महिन्याभराच्या अंगणात फिरतो आणि अंगणाबाहेर जात नाही. खरे सरकते ते अंगणच. तेही एकाच दिशेने आणि इतक्या सावकाश की एका माणसाच्या आयुष्यात एखाद्या दिवसाचाच फरक पडावा. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत महाराष्ट्रातल्या गणितज्ञांनी, शाळामास्तरांनी आणि संपादकांनी या सरकण्याशी आणि तिथी-ग्रहणांच्या गणितातल्या चुकांशी झुंज घेतली. त्यातली एक झुंज ते जिंकले, दुसरी हरले. कोणती जिंकली आणि कोणती हरली, यामागे धर्मभोळेपणापेक्षा निराळे कारण आहे.

आधी गणित पाहू. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ आणि पाव दिवसाचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते, म्हणून पाडवा वर्षाला दहा-अकरा दिवस मागे येतो. ही तूट महिन्याएवढी साचली की अधिक मास घालतात, धोंड्याचा महिना. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो आणि पाडवा एकदम अठरा-वीस दिवस पुढे ढकलला जातो. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, म्हणून २०२७ चा पाडवा एप्रिलात गेला. अधिक मास कधी घालायचा हे सूर्याची संक्रांत सांगते. ज्या चांद्र महिन्यात सूर्य नव्या राशीत जात नाही तो अधिक, आणि ज्यात सूर्य मेष राशीत शिरतो तो चैत्र. म्हणजे चंद्र महिन्याचे दिवस मोजतो आणि सूर्य महिन्याला नाव देतो. योजना मोठी हुशारीची आहे. एकच अडचण, की मेष राशीची सुरुवात कोठे मानायची? आपल्या पंचांगांनी ती ताऱ्यांच्या संदर्भाने मानली. ऋतू मात्र ताऱ्यांना बांधलेले नाहीत. ते वसंतसंपाताला बांधलेले आहेत, म्हणजे मार्चच्या २० किंवा २१ तारखेला दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूला. हा बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो. त्यात सूर्यसिद्धान्ताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षाही साडेआठ पळांनी, म्हणजे साडेतीन मिनिटांनी मोठे होते. दोन्ही मिळून ऋतुवर्षाशी दरसाल सुमारे चोवीस मिनिटांचा फरक. साठ वर्षांत एक दिवस. राशिचक्राचा आरंभ आणि संपात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी जुळून होते, तेव्हा मेष संक्रांत मार्चमध्ये संपाताच्या आसपास होत असे. आज ती १४ एप्रिलच्या आगेमागे होते. पाडव्याचे अंगणही तिच्याबरोबर सरकून आज मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आले आहे.

याचे पुरावे आपल्या डोळ्यांसमोरच आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे तसे पाहत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ चा. ‘संक्रांत कोसळली’ या बोलण्याशी लोक तो दिवस जोडतात, पण त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. ज्या उत्तरायणासाठी संक्रांतीचे माहात्म्य, ते तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच सुरू होते.

महाराष्ट्रातली पंचांगे शेकडो वर्षे ज्या ग्रंथावरून होत, तो ‘ग्रहलाघव’ कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली लिहिला. गणिताची कटकट त्याने इतकी कमी केली की ज्या-कोज्यांच्या सारण्या न वापरता ग्रह काढता यावेत. गावोगावच्या जोशांना ते वरदानच होते. पण त्याच्याविषयी सांगायची महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गणेशाने आणि त्याच्या आधी त्याचा पिता केशव याने आकाश पाहून जुने आकडे तपासले होते. सौर, आर्य आणि ब्राह्म या तिन्ही पक्षांपैकी ज्याचा जो ग्रह वेधाशी जुळेल तो त्याने घेतला. एका परंपरेला चिकटून राहायचे नाही, हीच त्याची परंपरा. तीनशे वर्षांनी त्याच्याच ग्रंथाचा आधार घेऊन लोक वेधाला विरोध करू लागले, हा इतिहासाने त्याच्यावर उगवलेला सूड म्हणावा लागेल.

पंचांग तोवर हस्तलिखित होते. जोशी पाडव्याला घरोघर जाऊन वर्षफल वाची आणि दक्षिणा घेई. दोन गावांच्या पंचांगांत एखादी घटिका इकडेतिकडे झाली तरी ताडून कोण पाहणार? १८४१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी आपल्या शिळाछापखान्यात मराठी पंचांग छापले आणि हे सारे बदलले. छापील कागदाला शिवायला भिणारे सोवळे लोक त्या काळी मुंबईत होते, असे गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात नोंदले आहे. शाईत चरबी असते ही मुख्य शंका, म्हणून तुपाची शाई करण्याची युक्ती निघाली. सोवळ्याचा प्रश्न असा सुटला, पण त्यापेक्षा मोठा प्रश्न उभा राहिला. छापील पंचांगाच्या शेकडो प्रती एकाच आकड्यांच्या असतात. त्यात ग्रहणाचा स्पर्श अमुक घटकेला म्हटले आणि आकाशात तो दुसऱ्याच वेळी झाला, तर ती चूक एका गावच्या जोशाची न राहता सगळ्या शहराची होते. शिवाय आता हातात घड्याळ होते, कुलाब्याला वेधशाळा होती आणि विलायतेहून येणारे नाविक पंचांग होते. ग्रहलाघवाची घडी साडेतीन शतकांत विसकटली आहे, हे कोणालाही दाखवता येऊ लागले.

हे दाखवणाऱ्यांत पहिले मोठे नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचे. पुण्यात गणित शिकवणारे केरूनाना हे टिळकांचे गुरू. त्यांनी १८६० साली युरोपीय कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक मराठीत आणले आणि शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. या पंचांगात खरे तर दोन सुधारणा एकत्र बांधलेल्या होत्या, आणि त्या तशा बांधल्या गेल्याने पुढे बराच घोळ झाला. पहिली सुधारणा चंद्रसूर्यांची जागा अचूक काढण्याची, म्हणजे ग्रहण आणि तिथी आकाशाशी जुळवण्याची. दुसरी राशिचक्राचा आरंभ नव्याने ठरवण्याची. रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापाशी तो आरंभ केरूनानांनी धरला. पहिल्या सुधारणेने तिथी काही घटकांनी हलते. दुसरीने महिन्याचे नावच बदलू शकते.

पहिल्या सुधारणेला विरोध झाला तो शास्त्रार्थाच्या पातळीवर. जुन्या गणिताप्रमाणे तिथी जास्तीत जास्त पासष्ट घटकांची आणि कमीत कमी चौपन्न घटकांची असते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ असे त्याचे सूत्र, साठांवर पाच वाढणार आणि साठांतून सहा घटणार. श्राद्धाचे, एकादशीचे, पारण्याचे निर्णय या मर्यादा गृहीत धरून लिहिलेले. नव्या गणिताने चंद्राच्या गतीतले बारकावे हिशेबात घेतल्यावर तिथी सदुसष्ट घटकांपर्यंत वाढते आणि पन्नासपर्यंत आखडते, म्हणजे ‘सप्तवृद्धी दशक्षय’. मग धर्मशास्त्राचे निर्णय मोडणार नाहीत का, असा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. ज्या ग्रंथांवर लोकांची व्रतवैकल्ये चालतात त्यांचा पायाच इथे हलत होता. तरीही हा विरोध साठ-सत्तर वर्षांत जवळजवळ ओसरला. आज महाराष्ट्रात खपणारी बहुतेक पंचांगे दृक्गणिताची, म्हणजे आकाशाशी जुळणाऱ्या गणिताचीच आहेत आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. ग्रहण हा या वादातला सर्वांत मोठा साक्षीदार ठरला. ते गंगेवरच्या भटाला दिसते, शाळेतल्या पोराला दिसते आणि पंचांग बगलेत मारून आलेल्या जोशालाही दिसते. पंचांगात एक वेळ आणि आकाशात दुसरी, हे चारचौघांत उघडे पडले की शास्त्रीबुवांनाही गणित बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

दुसऱ्या, म्हणजे ऋतूंच्या सुधारणेला असा साक्षीदार मिळाला नाही. ही सुधारणा सर्वांत ठामपणे मांडली विसाजी रघुनाथ लेले यांनी. ग्वाल्हेरीस राहणारे लेले ‘स्फुटवक्ता अभियोगी’ या नावाने वृत्तपत्रांतून लिहीत आणि नाव सार्थ करीत. त्यांचे म्हणणे असे की वेदांतले महिने मधु-माधव, म्हणजे ऋतूंचे महिने. तेव्हा वसंत जिथे सुरू होतो तिथे चैत्र हवा आणि राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासूनच मोजायला हवा. यालाच सायन गणना म्हणतात. ताऱ्यांपासून मोजणारी ती निरयन. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी मिळून शके १८०६ पासून, म्हणजे १८८४ पासून, सायन पंचांग काढले. यांतले दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे, पेशाने शाळामास्तर. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ साली निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासोबत त्यांनी तयार केलेली कालगणनेची इंग्रजी कोष्टकेही निघाली, जी शिलालेखांच्या तारखा लावणारे अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. पंचेचाळिशीही पुरी न होता ते १८९८ साली गेले. इतिहासाला तारखा लावून देणारा हा माणूस स्वतःच्या समाजाचा पाडवा मात्र जागचा हलवू शकला नाही.

तो का हलला नाही? ‘लोक अडाणी होते’ हे उत्तर टिकत नाही, कारण त्याच लोकांनी पुढे तिथींचे सगळे गणित बदलू दिले. ‘शास्त्री हटवादी होते’ हेही अर्धेच खरे. सायन पंचांग मान्य केले असते तर काय झाले असते याचा हिशेब मांडून पाहावा. निरयन आणि सायन संक्रांतींत तेव्हा सुमारे बावीस दिवसांचे अंतर होते आणि चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे दर चार महिन्यांतल्या सुमारे तीन महिन्यांचे नाव बदलले असते. ज्याला शेजारीपाजारी फाल्गुन म्हणतात त्याला सायनवाला चैत्र म्हणणार. गावात शिमग्याच्या गोवऱ्या गोळा होत असताना याच्या घरावर गुढी, आणि सारे गाव नवरात्रात असताना याच्या दारात आकाशकंदील. घटकाभराची चूक सुधारायला कोणी ना म्हणत नाही. एकट्याने महिनाभर आधी सण करायला कोण तयार होईल? सण ही मुळात सगळ्यांनी एका दिवशी करायची गोष्ट आहे. तो ऋतूत अचूक बसणे हा त्यानंतरचा मुद्दा. लेल्यांचे गणित बरोबर होते, वेदांचा आधारही कच्चा नव्हता. पण ज्या चुकीचा त्रास हयात माणसांपैकी कोणालाच होत नव्हता, ती काढण्यासाठी ते सर्वांना एका वर्षात मोठा त्रास घ्यायला सांगत होते.

याच प्रश्नाचे दुसरे रूप मुंबई-सुरतेच्या पारशी समाजात दिसते, आणि ते हिंदूंच्या पंचांगवादापेक्षा शंभर वर्षे जुने आहे. पारशांचे वर्ष नेमके ३६५ दिवसांचे. पाव दिवसाची भरपाई होत नसल्याने वसंतातला नवरोज चार वर्षांना एक दिवस या वेगाने मागे येत गेला. अठराव्या शतकात लक्षात आले की इराणातल्या आणि हिंदुस्थानातल्या जरथुष्ट्रींच्या वर्षारंभांत पुरा एक महिन्याचा फरक आहे. १७४५ साली सुरतेत काहींनी इराणी गणना स्वीकारली आणि कदमी व शहेनशाही असे दोन पंथ झाले. हा कबिशाचा, म्हणजे अधिक महिन्याचा, वाद एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा पेटला. १९०६ साली खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्या पुढाकाराने फसली गणनेची मंडळी उभी राहिली. त्यांचा नवरोज संपाताला बांधलेला, २१ मार्चचा. शास्त्रदृष्ट्या तिघांत तोच निर्दोष. तरीही मुंबईतल्या बहुसंख्य पारशांचे नवे वर्ष आजही ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात येते आणि २१ मार्चचा जमशेदी नवरोज वेगळा साजरा होतो. सुधारणेने जुना सण हलला नाही, आणखी एक सण वाढला.

यावर कोणी म्हणेल की रोमला हे जमले, मग आपल्यालाच का नाही? ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेला बांधलेला. ज्युलियन वर्ष थोडे मोठे असल्याने सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चवरून ११ मार्चवर आला होता. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर लिहायला लावून ते दहा दिवस गाळले आणि लीप वर्षांचा नियम बदलला. पण तिथे आज्ञा देणारे एकच पीठ होते, आणि त्याची आज्ञा न मानणाऱ्या इंग्लंडने तीच सुधारणा करायला १७५२ साल उजाडू दिले. आपल्याकडे पंचांगाला पोप नव्हता. शंकराचार्यांची पीठे एकाहून अधिक, संस्थानिक शेकडो, आणि राज्यकर्ते इंग्रज, ज्यांनी लोकांच्या धर्मात हात घालायचा नाही असे १८५७ नंतर ठरवूनच टाकले होते.

ही पोकळी भरून काढण्याचा यत्न टिळकांनी केला. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरायन’ या ग्रंथात संपाताचे हेच सरकणे त्यांनी घड्याळासारखे वापरले होते: वेदवाङ्मयात वर्षारंभ मृगशीर्षात दिसतो, नंतर तो कृत्तिकांत येतो, त्यावरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजारांपर्यंत नेता येतो, असा त्यांचा युक्तिवाद. काळनिर्णयाच्या त्या निष्कर्षाशी आजचे बहुतेक अभ्यासक सहमत नाहीत. पण आपल्याच पूर्वजांनी वर्षारंभ ऋतूंमागोमाग हलवला होता, हे टिळकांना चांगले ठाऊक होते एवढे त्यावरून दिसते. व्यवहारात मात्र त्यांनी सायनाचा हट्ट धरला नाही. गणित दृक्प्रत्ययी करावे, गणना निरयनच ठेवावी आणि सर्वांचे एक पंचांग व्हावे, अशी त्यांची भूमिका. त्यासाठी मुंबईत १९०४, पुण्यात १९१७ आणि सांगलीत १९२० साली ज्योतिष्यांची संमेलने भरली. लोकांना सोबत नेण्याची त्यांची ही राजकारणी नजर लेल्यांकडे नव्हती. पण एकी झाली नाहीच, कारण निरयन म्हटले की आरंभाचा तारा कोणता हे ठरवावे लागते. टिळक आपल्या गुरूंच्या रेवतीच्या बाजूचे. ‘ज्योतिर्गणित’कार वेंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या बाजूचे, चित्रा हा ठळक तारा, तो राशिचक्राच्या बरोबर मध्यावर धरायचा. दोन्ही मतांत अंतर अवघे चार अंशांचे. सूर्याला ते ओलांडायला चार दिवस लागतात, आणि त्या चार दिवसांत अमावास्या सापडली की दोन पंचांगांत महिन्याची नावे वेगळी. सरासरीने सात-साडेसात महिन्यांत एका महिन्यावर ही पाळी येते. टिळक पंचांग मानणाऱ्यांची संक्रांत म्हणूनच १० जानेवारीला असते. २०२३ साली बाकीच्या महाराष्ट्रात अधिक श्रावण होता आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांगात तो अधिक मास नव्हताच, त्यामुळे ती महिनाभर आधी, २० ऑगस्टला होऊन गेली. सार्वजनिक गणेशोत्सवाने लोकांना एका मांडवाखाली आणणाऱ्या नेत्याच्याच नावाच्या पंचांगाने काही घरांचा गणपती महिनाभर वेगळा पाडावा, यात कोणाची चूक नाही. दोन्ही बाजूंचे गणित बिनचूक आहे. निवड पटवून देणारा पुरावा आकाशात नाही.

स्वातंत्र्यानंतर अधिकाराची पोकळी भरायला सरकार आले. १९५२ च्या नोव्हेंबरात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या वादाचे वारसदार तिथे हजर होते. देशात तीस निरनिराळ्या कालगणना चालतात, याकडे नेहरूंनी समितीला पाठवलेल्या संदेशात बोट दाखवले होते. १९५५ च्या अहवालात समितीने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. नागरी व्यवहारासाठी चंद्राला बाजूला ठेवून निव्वळ सौर वर्ष: शक संवत, चैत्राची पहिली तारीख २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. साहा १९५६ च्या फेब्रुवारीत वारले आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, हे राष्ट्रीय पंचांग लागू झालेले त्यांना पाहता आले नाही. सणांसाठी मात्र समितीने चांद्र महिने आणि तिथी जशाच्या तशा ठेवल्या. फक्त संपात आणि राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर २३ अंश १५ कलांवर कायमचे गोठवावे, असे सुचवले. याचा अर्थ एवढाच की आजवर सण जितके सरकले तितके सरकू देत, इथून पुढे सरकू द्यायचे नाहीत. पाडव्याचे अंगण आहे तिथेच खिळे ठोकून पक्के करायचे.

माझ्या मते सगळ्या वादात सुचवला गेलेला हा सर्वांत शहाणा उपाय होता. लेल्यांच्या सुधारणेची सामाजिक किंमत यात नव्हती. एकाही घराचा सण शेजाऱ्यापासून तुटला नसता. कर्मठांचा उरला असता तो एकच आक्षेप, की मग राशी ताऱ्यांना धरून राहणार नाहीत. पण पाडव्याची गुढी, कडुनिंबाचा पाला, होळीची राख यांतले काहीही ताऱ्यांना बांधलेले नाही, ते ऋतूला बांधलेले आहे. तरीही झाले उलटेच. पंचांगकर्त्यांनी समितीचा २३ अंश १५ कलांचा आकडा आनंदाने उचलला, कारण चित्रापक्षाला त्यातून सरकारी शिक्का मिळाला. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी यांच्या नावाने तो ‘लाहिरी अयनांश’ म्हणून देशभर चालू झाला. गोठवण्याची शिफारस मात्र बहुतेकांनी सोडून दिली. हा अयनांश दरवर्षी वाढवतच ते सण काढतात, आणि तो आता २४ अंशांच्या पुढे गेला आहे. ज्या आकड्याने सरकणे थांबायचे होते, त्याच आकड्याच्या आधाराने ते चालू राहिले.

इथेही कारण तेच. सरकणे थांबले की नाही हे तपासायला सत्तर वर्षांत एक दिवसाचा फरक पाहावा लागतो, आणि त्यासाठी कोणी गच्चीवर जमत नाही. उलट १ चैत्र हा दिवस नागरी पंचांगात असूनही घराघरांत शिरला नाही, कारण त्या दिवशी आकाशात काही दिसत नाही आणि घरात काही करायचे नसते. राजपत्राच्या माथ्यावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात तो राहिला. महाराष्ट्रात तारीख, तिथी, एकादशी, बँकेची सुट्टी आणि दुधाचा हिशेब एका भिंतीवर आणण्याचे काम १९७३ साली जयंतराव साळगांवकरांच्या ‘कालनिर्णय’ने केले. चित्रापक्षाचे हे दिनदर्शिकेतले पंचांग आणि सोलापूरचे दाते पंचांग यांनी मिळून ते ऐक्य बरेचसे घडवले, जे टिळकांच्या तीन संमेलनांना साधले नव्हते. ते वादाने घडले नाही, खपाने घडले.

सरकारनेही पुढे तारखा बांधल्या त्या वसंतातल्या सणांच्या नव्हे, जयंत्यांच्या. शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला येत असल्याने दरवर्षी हलते. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मुक्रर केली आणि तिथीने की तारखेने हा नवा वाद सुरू झाला. गंमत अशी की १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या ज्युलियन गणनेतली तारीख; ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस १ मार्च येतो. म्हणजे स्थिर तारीखही वाटते तितकी स्थिर नसते. पाडव्याला अशी तारीख द्यावी असे मात्र कोणत्याही सरकारने कधी मनावर घेतले नाही. दरवर्षी सुट्ट्यांची अधिसूचना निघते तेव्हा एका रकान्यात पाडव्याची इंग्रजी तारीख असते आणि शेजारच्या रकान्यात राष्ट्रीय शकाची, बहुधा चैत्राच्या पहिल्या आठवड्यापासून चौथ्या आठवड्यापर्यंत कुठेतरी, आणि २०२६ सारख्या साली तर आदल्या वर्षीच्या २८ फाल्गुनाची.